जिल्हा मेहकर

बोलणाऱ्याच्या तोंडून 'झालं असतं'मधला 'असतं' हा शब्द निघाला की त्यांचा टाक कागदावरून दोन बोटं वर उचलला जाई आणि तिथेच थांबे. समोरचा माणूस आपलं वाक्य पुरं करी, आणखी एक जोडी, शेवटी दमून गप्प होई. टाक हवेतच. मग ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "झालं तेवढं सांग."

मेहकरच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली ते बसत. परवानाधारक अर्जनवीस. तुम्हीही कचेऱ्यांच्या आवारात अशी माणसं पाहिली असतील. पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर कागद, शेजारी दौत, आणि समोर उकिडवा बसलेला कोणी तरी गरजवंत. त्या गरजवंताचं रडणं, भांडण आणि शिव्याशाप गाळून त्यातून 'मजकूर अर्ज असा की' एवढं काढायचं, हा त्यांचा धंदा. गाव त्यांना अर्जीवाले म्हणे. त्यांचं नाव घेतलेलं मी क्वचितच ऐकलं, म्हणून मीही इथे घेत नाही.

एकदा एक शेतकरी म्हैस मेल्याचा अर्ज करायला आला होता. शेजाऱ्यानं कुंपणावर टाकलेलं काही तरी खाऊन ती मेली, असं त्याचं म्हणणं. मी तिथेच उभा होतो.

"ते जगली असती तं दोन येळा व्याली असती," तो म्हणाला.

टाक वर गेला.

"मेली ना?"

"हाव, मेली."

"मंग 'म्हैस मेली' लिहितो. व्याली असती ते नाई लिहित."

"अहो, पन एका पारडीचं नाव बी ठेवलं होतं आमी. चंद्री."

"जे झालीच नाई तिचं नाव काऊन सांगून राह्यला बाप्पा? साहेबानं चंद्रीले हजर कर म्हटलं तं कुठून आनशीन?"

शेतकऱ्याला हे पटलं नाही. चंद्री अर्जाबाहेरच राहिली.

मी मूळचा नांदुऱ्याचा. रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाला बिनरेल्वेच्या गावाबद्दल जी दया वाटते, ती बरोबर घेऊन मी मेहकरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून निघत, साहेब कधी सागरकडचा येई, कधी जबलपूरकडचा. मी मराठीचं व्याकरण शिकवत असे आणि त्याचा मला नको तितका अभिमान होता. सहा महिन्यांत गावच्या वाचनालयाचा चिटणीसही झालो, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं.

अर्जीवाले रोज संध्याकाळी पाचाला वाचनालयात येत. घरी ते एकटेच. चूल स्वतः पेटवत, म्हणून दिवे लागायच्या आत परत जात. तेवढ्या वेळात सरकारी गॅझेट वाचत, ते संपलं की लिलावाच्या नोटिसा. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाकडे त्यांची पाठ असे. मी एकदा विचारलं, "भाऊ, गोष्टींचं एवढं काय वावडं?"

"खाली सही नसते."

"लेखकाचं नाव असतं की."

"नाव असते. शपथेवर नसते."

मी माझं व्याकरण बाहेर काढलं. म्हटलं, भाषेत संकेतार्थ नावाचा प्रकार आहे, मी तो पोरांना शिकवतो. पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.

"पाऊस पडला?"

"नाही."

"पीक आलं?"

"नाही."

"मंग पोरायले शिकवलं काय तुमी?"

त्या दिवशी मी घरी जाऊन पाठाच्या टाचणात बराच वेळ डोकं घातलं.

वाचनालयाच्या वाढदिवसाला मी एक टूम काढली. सभासदांनी जन्मात जे वाचलं नाही ते सगळ्यांसमोर वाचायचं. टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्यानं मुकाट्यानं वाचावं. वैद्यबुवांना तमाशातली लावणी आली आणि ती त्यांनी काढ्याची कृती सांगावी तशी वाचली. वकिलांना लोणच्याची पाककृती आली. त्यांनी मिठाच्या प्रमाणावर हरकत घेतली. अर्जीवाल्यांच्या चिठ्ठीत निघाली आमच्या हस्तलिखित मासिकातली गोष्ट. लेखकाचं टोपणनाव होतं, पण लेखक मी होतो, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गोष्ट तीन पानांची. मेहकरात एक जुनी तक्रार आहे. आधी जिल्ह्याचं ठाणं मेहकरात होतं, साहेबाला उंचावरची थंड हवा आवडली आणि जिल्हा त्याच्यामागून बुलढाण्याला चढला, असं म्हणतात. खरंखोटं म्हातारे जाणोत. मी एवढंच केलं होतं की साहेबाला बुलढाण्यात सर्दी होऊ दिली. पहिल्याच सकाळी साहेब सात वेळा शिंकतो, घोड्यावर बसतो आणि मेहकरला परत येतो तो कायमचा. मग सगळं उलटं. मोठी कचेरी मेहकरात. रेल्वे मेहकरात, कारण जिल्ह्याचं गाव वगळून जायची तिची छाती होत नाही. आणि बुलढाण्याचे लोक तारखेला भाकरी बांधून मेहकरची वाट धरताहेत, रुमालानं घाम पुसताहेत, मेहकरच्या उन्हाला नावं ठेवताहेत.

अर्जीवाल्यांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. मग खड्या आवाजात सुरुवात केली, "मजकूर असा की." तसं गोष्टीत कुठेच नव्हतं. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "इथं खाडाखोड हाय, खाली सही नाई." सात शिंकांपाशी त्यांनी मला चष्म्यावरून विचारलं, "मोजल्या कोनं?" लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. माझी गोष्ट इतकी विनोदी आहे हे मलाही त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या पानावर ते अडखळले. 'आणि पैनगंगेच्या काठी मोठा दवाखाना' एवढीच ओळ होती. ती मी जागा भरायला लिहिली होती, पान अर्धवट दिसत होतं म्हणून. ती त्यांनी वाचली. परत वाचली, या खेपेला हळू. मग कागद मिटला.

"पुढं?" वकील म्हणाले.

"पुढचं मनात वाचतो."

हस्तलिखित वाचनालयाबाहेर न्यायचं नाही असा मीच नियम केलेला होता. त्यांनी ते बगलेत मारलं आणि चालू लागले. मी अडवलं नाही. लेखक म्हणून मला गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत हजर. हातात कागद, टाक.

"मास्तर, दवाखाना किती खाटांचा?"

"कोणता?"

"तुमच्या गोष्टीतला."

मी अजिबात विचार न करता म्हणालो, "वीस."

त्यांनी लिहून घेतलं. "डाक्टर कुठं राह्यते?"

"तिथेच. शेजारच्या बंगल्यात."

"हाक मारली तं येते?"

"येतो की. लगेच येतो."

"बायायसाठी खोली येगळी?"

"वेगळी. मोठ्या खिडक्यांची." आता मलाही रंग चढला होता. "दोन सुईणी ठेवल्या आहेत."

"दोन," ते म्हणाले आणि आकडा मांडून त्याखाली रेघ मारली. संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की मेहकरात माझा पहिला चाहता निघाला. ती म्हणाली, बरं झालं, एक तरी निघाला.

त्यानंतर कडुनिंबाखाली काही तरी बिघडलं. 'असतं' आलं तरी टाक खालीच राहू लागला. बांधाच्या भांडणाच्या एका अर्जात, बांध कोरला नसता तर दोघा भावांनी यंदा गणपती एकत्र बसवला असता, असं वाक्य आलं. बकरीच्या अर्जात बकरीच्या नातवंडांपर्यंत मजल गेली. म्हशीचा शेतकरी दुसऱ्या कामाला आला, तेव्हा अर्जीवाल्यांनी आपणहून विचारलं म्हणे, "चंद्री आता केवढी असती?" गावात हसू झालं. वकील म्हणाले, "मास्तर, तुम्ही चांगला माणूस नासवला."

मग बुलढाण्याहून कागद आला. एका विधवेच्या अर्जाच्या माथ्यावर अर्जनवीसानं 'तालुका मेहकर, जिल्हा मेहकर' असं लिहिलं आहे. असा जिल्हा सरकारला ठाऊक नाही. अर्जनवीसानं सांगितलेल्याहून वेगळं लिहिणं परवान्याच्या शर्तीविरुद्ध आहे, तरी परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा साहेब दौऱ्यावर येतील तेव्हा समक्ष द्यावा.

हसणं एकदम थांबलं. परवाना गेला तर त्या वयात ते काय करणार होते? शेत नव्हतं, पोरबाळ नव्हतं. हातात एक अक्षर होतं, तेवढंच. आणि 'जिल्हा मेहकर' हे शब्द कुठून आले हे मला पक्कं माहीत होतं.

वकील मात्र निर्धास्त होते. त्यांनी खुलासा लिहूनही आणला. 'नजरचुकीने लिहिले गेले. माफी असावी.' खाली सहीला जागा सोडलेली. "एक शब्द आहे, भाऊ. नजरचूक. सही करा, दोन मिनिटांत मोकळे व्हाल."

अर्जीवाल्यांनी तो कागद वाचला. "हे झालं नाई," ते म्हणाले.

"अहो, झालं नसलं तरी लिहायचं असतं."

"नजर बराबर होती माही. आंधळा नाई झालो मी."

"परवाना जाईल."

"तीस वरसं लोकायले सांगतलं, झालं तेवढं सांगा. आता माह्यावर आलं तं नाई झालेलं सांगू?"

मी हात जोडले. दोष माझा, मी साहेबांना सांगतो, म्हटलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमी गोष्ट लिहिली. अर्जी म्या लिहिली." एवढं बोलून त्यांनी वकिलांचा कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर स्वतः लिहायला घेतलं. आम्हाला वाचू दिलं नाही.

साहेबांचा तळ आमराईत पडला होता. साहेब जबलपूरकडचे, कपाळाला आठ्या, मराठी समजायचं पण बोलायचे हिंदी. आम्ही वाचनालयाचे सगळे सभासद तंबूबाहेर उभे राहिलो. साहेबांनी तो अर्ज वर धरला आणि बोट ठेवलं.

"ये जिला मेहकर कहाँ है?"

अर्जीवाल्यांनी परवाना मेजावर ठेवला आणि आपला कागद पुढे केला. साहेबांच्या कारकुनानं तो वाचला. मजकूर मला आजही पाठ आहे.

'मजकूर खुलासा असा की, वाचनालयाच्या मासिकात जिल्हा मेहकर असल्याची गोष्ट आहे ती वाचली. तीत दवाखाना गावातच आहे. माझी बायको बाळंतपणात अडली तेव्हा तिला बैलगाडीतून बुलढाण्यास नेत होतो. चिखलीच्या अलीकडे ती गाडीतच वारली. मूलही गेले. गोष्टीतील दवाखाना वीस खाटांचा असून डॉक्टर शेजारी राहतो, हाक मारल्यास येतो, बायांची खोली वेगळी आहे व दोन सुईणी आहेत, असे मास्तरांनी समक्ष सांगितले. त्या दिवसापासून जिल्हा लिहिताना हात मेहकर लिहितो. तीन अर्जांत लिहिले आहे, सापडला एक. नजरचूक नाही. कळावे.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईचं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं, हा माणूस एकटा का राहतो. मधल्या सुट्टीत चहाच्या घोटाबरोबर मी त्यांना वीस खाटा दिल्या होत्या. मोठ्या खिडक्या दिल्या होत्या. त्या क्षणी ते सगळं परत घेता आलं असतं तर मी माझा उजवा हात दिला असता.

साहेबांनी कारकुनाच्या हातून कागद घेतला आणि स्वतः वाचला.

"मास्टर कौन है?"

मी पुढे झालो.

"बीस खाट?"

"जी."

"कम है," साहेब म्हणाले. "जिले के लिए कम है. चालीस लिखिए."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? साहेबांनी लेखणी घेतली, त्या विधवेच्या अर्जावरचं 'जिल्हा मेहकर' खोडलं, स्वतःच्या हातानं वर 'बुलढाणा' लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. परवाना उचलून अर्जीवाल्यांच्या हातात दिला. "बाकी दो अर्जियाँ आप ही ढूँढकर ठीक कर दीजिए," एवढंच म्हणाले, आणि कारकुनाला पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

वाचनालयात आम्ही पेढे वाटले. अर्जीवाल्यांनी एक खाल्ला, एक रुमालात बांधला. बाकीचे दोन अर्ज त्यांनी शोधून दुरुस्त करून घेतले. आणि आठ दिवसांनी कचेरीत जाऊन परवाना आपल्या हातानं परत केला.

वकील संतापले. मी तर धावतच गेलो. "भाऊ, साहेबांनी सोडलं ना तुम्हाला?"

"साहेबानं सोडलं. पन काम नाई होत मास्तर. मानूस बोलते, आन मले त्याचं नाई झालेलंच आयकू येते. लिहायले बसलो का तेच उतरते. कोनाचं नुसकान होईन एखांद्या दिवशी."

त्यांच्या जागी एक तरतरीत नवा अर्जनवीस आला आणि कडुनिंबाच्या दुसऱ्या अंगाला बसू लागला. अर्जीवाले आपल्या जागी तसेच बसत, पेटी नाही, दौत नाही, मांडीवर मोकळे हात. त्यांना वाटलं असेल, कोणी येणार नाही. पण लोक आधी त्यांच्याकडेच बसू लागले. भाऊ वेगळा झाला नसता तर, विहिरीला पाणी लागलं असतं तर, पोरगी त्या घरी दिली नसती तर. ते सगळं ऐकून घेत. मधून एखादा प्रश्न विचारत, "मंग वाडा कोन्या बाजूनं बांधला असता?" आणि माणूस डोळे पुसत पुसत वाडा कोणत्या बाजूनं बांधला असता ते सांगे. मग उठून झाडाला वळसा घाली आणि पलीकडे झालं तेवढं लिहून घेई. नवा अर्जनवीस मला म्हणाला, "लय बरं पडते मास्तर. मानसं रिकामी होऊन येतेत. पाच मिनिटात अर्जी."

म्हशीचा शेतकरी तर काम नसतानाही यायचा. दोघं चंद्रीबद्दल बोलत, दुधाचा हिशेब सोडून बाकी सगळं.

पुढे मला नांदुऱ्याच्या शाळेत नोकरी मिळाली आणि मी मेहकर सोडलं. अर्जीवाले गेल्याचं वकिलांच्या पत्रातून कळलं. पत्रात लिहिलं होतं की कचेरीत येणारे लोक अजून कडुनिंबापाशी घटकाभर थांबतात आणि मग पलीकडे जातात. मी त्या दिवशी वर्गात काही शिकवू शकलो नाही. पोरांना शुद्धलेखन घालून खिडकीपाशी उभा राहिलो.

मेहकर सोडायच्या आधी मी एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसलो होतो. कचेरी सुटली होती, झाडाखाली आम्ही दोघंच. आमराईतल्या त्या दिवसापासून जे विचारायचं धैर्य झालं नव्हतं, ते विचारलं.

"भाऊ, तुमच्या गोष्टीत पुढं काय होतं?"

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली.

"वाचली असती," ते म्हणाले. "पोरगी झाली असती. मंग जाड झाली असती ते. अमडापूरची होती, तिकडं भाकरीवर तेल लय घेतेत. आता दात बी पडले असते तिचे."

"आणि मुलगी?"

"गावातच देली असती. जिल्ह्याचं गाव सोडून बाहेर काऊन देऊ?"

मी हसलो. तेही हसले. "आन मले रोज बोलली असती," ते म्हणाले, "का निंबाखाली बिनकामाचं काऊन बसता, घरी पानी भरायचं पडलं."

उन्हं कचेरीच्या कौलांवरून उतरली. ते एकदम उठले, धोतर झटकलं.

"चला मास्तर, उशीर झाला. बोलन ते मले."

मी व्याकरण शिकवणारा माणूस. क्रियापदाचा काळ चुकला होता, 'बोलली असती' हवं होतं. मी त्यांची काठी उचलून हातात दिली. ते घराकडे निघाले, नेहमीपेक्षा जरा भरभर.